राघोच्या रायफलीचा साचा

परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात घालवून विश्राम पांचाळ कल्याणला परतला, तो धातू कातायचं, पायानं चालवायचं एक जुनं लेथ बरोबर घेऊनच. बायको वारलेली, मूलबाळ नाही. पारनाक्याजवळच्या त्याच्या घरी लोक यायचे ते कामापुरते. कुणाचं कुलूप अडलेलं, कुणाचा अडकित्ता सैल झालेला. काम झालं की चालते व्हायचे. टेकून बसायचा तो एकटा राघो.

राघो जवळच्या शीळ गावचा आगरी शेतकरी. पूल बांधायला आलेला एक गोरा इंजिनियर विलायतेला परत जाताना आपली रायफल त्याला देऊन गेला होता आणि खटपट करून परवानाही मिळवून दिला होता. भात पोटरीला आलं की डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि सगळं गाव राघोच्या तोंडाकडे बघायचं.

काडतुसं विलायती, सहजी मिळत नसत. म्हणून उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी दारू-गोळी घालून पुन्हा भरायची. बार उडाला की पुंगळी फुगते. ती साच्यात दाबून मापावर आणावी लागते. साहेबानं रायफलीबरोबर दिलेल्या पेटीत कंपनीचा साचा होता, पण ही रायफल वापरून वापरून आतून सैल झालेली. तो साचा पुंगळी नको इतकी आवळायचा, बार तिला पुन्हा फुगवायचा, आणि या ओढाताणीत पितळ चिरायचं. शेवटी विश्रामनं रायफलीत काडतूस बसतं त्या जागी वितळलेला गंधक ओतून ठसा घेतला आणि त्यावरून नवा साचा कातला. दुसऱ्या कुठल्याही रायफलीला तो निरुपयोगी होता. पण या रायफलीची गोळी मात्र धरलेल्या नेमावर जायला लागली.

दर पंधरवड्याला राघो रिकाम्या पुंगळ्या घेऊन यायचा. विश्राम लेथशेजारी बसून त्या लेथवरच्या साच्यात दाबून भरायचा आणि राघो गावच्या गोष्टी सांगत राहायचा. कुणाची म्हैस व्याली, कुणी कुणाच्या बांधावर कुदळ मारली. विश्रामला त्यातलं कुणीच माहीत नव्हतं. तरी त्याला ते सगळं ऐकायला हवं असायचं.

एका श्रावणात राघो म्हणाला, "दादा, गुरघं आता चालत नाय. मना घरीच हातोरीनं ठोकून भराचा साचा करून दे. तुजा बी तरास वाचंल."

"त्रास कसला," विश्राम म्हणाला.

त्यानं साचा केला, अगदी बरोबर केला, आणि तो हातात घेऊन बसून राहिला. एकट्या माणसाच्या डोक्यात नको ते शिरतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी एक साचा कातला, तोंडाशी केसभर आवळ. यात धोका काही नव्हता. काही वेळा भरल्यावर पुंगळीचं तोंड चिरणार आणि ती फेकून द्यावी लागणार, एवढंच. मग राघो कुरकुरत येणार, "दादा, जरा बघ" म्हणणार, आणि पुन्हा पहिल्यासारखं सुरू होणार. राघो साचा न्यायला आला, तेव्हा विश्रामनं त्याच्या हातात आवळ साचा ठेवला. राघोनं तो कपाळाला लावला.

दसरा गेला, दिवाळी गेली. दारात पाऊल वाजलं की विश्राम लेथ थांबवायचा. दुसराच कुणी तरी असायचा. त्याला रागही आला. एवढ्या पुंगळ्या फुटत असतील, तरी या माणसाला यावंसं वाटत नाही? शेवटी आधी कातलेला बिनचूक साचा खिशात टाकून एका पहाटे तो स्वतःच शीळला चालत गेला.

राघोची बायको सगुणा अंगणात होती. "ये दादा," ती म्हणाली. "जेवल्याबिगर जावाचा नाय." आणि चुलीवरचा भात बघायला आत गेली. राघो ओटीवर दोरी वळत बसला होता. मागच्या भिंतीवरची खुंटी रिकामी होती.

"रायफल कुठंय?" विश्रामनं विचारलं.

"ठान्याच्या कचेरीत जमा केली. परवाना बी परत दिला." राघो दोरीकडेच बघत म्हणाला. "पुंगल्या फुटाया लागल्या. एक फुटली, दुसरी फुटली, समद्याच गेल्या. साचा तर तुज्या हातचा. मंग चूक कोनाची? माजा हात थरथरतं, दादा. ठोका वाकरा बसतं. डुकरा अर्धा शेत खाऊन गेली नि मी बघत बसलो. गावाला तोंड काय दाखवू?"

"अरे, मग माझ्याकडे यायचं होतंस."

"येऊन काय सांगू? तुजा साचा खोटा हाय?"

विश्रामला गप्प बसता आलं असतं. राघोनं पुढेही त्याला भाऊच मानलं असतं. पण समोरचा माणूस आपला उजवा हात मांडीखाली दडपून बसला होता, ते त्याला बघवेना.

"राघो, साचा मीच आवळ केला होता. तू परत यावंस म्हणून."

दोरी थांबली. राघो चिडेल असं विश्रामला वाटलं होतं. तो चिडला नाही.

"म्हंजे माजा हात बरा हाय?"

"बरा आहे."

राघोनं हात बाहेर काढला आणि तो उलटा-सुलटा करून पाहू लागला. आतून सगुणानं विचारलं, "दोघांना वाढू ना?"

"तू नीघ, दादा," राघो म्हणाला. "ऊन तापाच्या आदी पोचशील."

विश्रामनं वहाणा घातल्या. बिनचूक साचा त्याच्या खिशातच राहिला. राघो अजून हाताकडेच बघत होता.