अकरा वाचक

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना सगळे सभासद ताई म्हणत, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ताई दारालगतच्या फळ्यावर 'नवी, वाचण्यासारखी पुस्तकं' असा मथळा काढत आणि खाली खडूने आपलं मत लिहीत. त्या महिन्यात त्यांनी तीन कादंबऱ्या निवडल्या होत्या. तिन्ही पुढच्या काळात घडणाऱ्या, आणि तिन्ही अंगावर येणाऱ्या. पहिलीत लोकांना रोज सकाळी दुसऱ्या दिवसाची आधीच भरलेली रोजनिशी घरपोच मिळे आणि तिच्याबरहुकूम वागावं लागे. दुसरीत म्हाताऱ्यांना दरवर्षी, आपण अजून का हवे आहोत, असा अर्ज करावा लागे. तिसरीत एका शहराच्या गल्ल्या नकाशावरून एकेक करून पुसल्या जात, आणि ज्यांची गल्ली गेली त्यांना कालचे शेजारीसुद्धा ओळख देत नसत. शेवटी ताईंनी लिहिलं होतं, 'झोप उडवणारी पुस्तकं. जरूर वाचा.'

पंधरा दिवसांत तिन्हींची पानं हाताळून मऊ पडली. अकरा जणांनी ती नेली होती.

मंगळवारी सकाळी वाचक कल्याण खात्यातून एक माणूस आला. तिशीचा, चष्मेवाला, पायपुसण्यावर बूट नीट पुसून आत येणारा. त्याने फळा वाचला, पुन्हा वाचला आणि हसला.

"छान लिहिता तुम्ही. विशेषतः ते झोप उडवणारं वाक्य."

"नवी पुस्तकं आहेत," ताई म्हणाल्या. "मंजुरीचा शिक्का आहे तिन्हींवर."

"आहे ना. पुस्तकांबद्दल आमची काहीच तक्रार नाही." त्याने खुर्ची ओढून घेतली. "कोणाकोणाची झोप उडाली, तेवढंच कळलं पाहिजे. गुरुवारी येतो. कार्डं काढून ठेवा."

जाताना त्याने खुर्ची उचलून जागच्या जागी ठेवली. 

घरी ताई आणि त्यांचे सासरे दोघंच. नवरा नोकरीपायी दुसऱ्या शहरात. सासऱ्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती आणि आता हात थरथरतात म्हणून पुस्तकं वाचत. अकरातलं एक नाव त्यांचं होतं. संध्याकाळी ताईंनी त्यांना सकाळचं सगळं सांगितलं.

"मागच्या वर्षी खात्याने त्या दुसऱ्या वाचनालयातून अशीच कार्डं नेली होती, आठवतं?" त्यांनी विचारलं.

ताईंना आठवत होतं. तिथले सहा जण अजून परतले नव्हते.

"माझं नाव दे," सासरे म्हणाले. "मी आता कोणाच्या काय कामाचा? बाकीच्या दहांना वगळ."

"एकट्याने पंधरा दिवसांत तीन पुस्तकांची इतकी पानं मळतील का, बाबा? आणि असलं काही बोलू नका."

"मग काय करणार?"

उत्तर ताईंना बुधवारी दुपारी सापडलं. जेवणाच्या सुटीत दार लावून त्या कार्डांचा खण बाहेर काढत होत्या, तेव्हा खणाच्या अगदी मागे दोऱ्याने बांधलेला गठ्ठा हाताला लागला. वारलेल्या सभासदांची कार्डं. फेकून द्या असं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून राहिलेली. ताईंनी त्यातली अकरा काढली, त्यांच्यावर त्या तीन पुस्तकांचे क्रमांक टाकले, तारखा टाकल्या. हात इतका कापत होता की म्हाताऱ्यांच्या सह्या अगदी हुबेहूब जमल्या. मग जिवंत अकरांसाठी ती पुस्तकं वगळून नवी कार्डं लिहिली, अंगठ्याने चोळून त्यांच्या कडा मळवल्या आणि जुनी फाडून तुकडे पर्सच्या तळाशी कोंबले.

मेलेल्याला कोण काय करणार, एवढाच त्यांचा हिशोब.

गुरुवारी चष्मेवाल्याने कार्डं पत्त्यांसारखी टेबलावर मांडली. एकावर बोट ठेवलं. चित्रकलेचे मास्तर, वारून तीन वर्षं झालेले.

"हे गृहस्थ नेहमी येतात?"

"येतात," ताई म्हणाल्या.

"तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"बरी आहे."

त्याने कार्डं पाकिटात घातली, आभार मानले आणि गेला.

पुढचे दहा दिवस ताईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जिन्यावर पाऊल वाजलं की हातातला शिक्का भलत्याच पानावर उठे. सासरे घास हातात धरून दाराकडे बघत बसत. पण कोणी आलं नाही. अकराव्या दिवशी चित्रकलेच्या मास्तरांची बायको वाचनालयात आली. पूर्वी मास्तरांबरोबर यायची, हातात त्यांची छत्री धरून.

"ताई, आमच्याकडे दोन माणसं आली होती," ती हळूच म्हणाली. "वाचनालयाचं कार्ड दाखवून ह्यांची चौकशी करत होती. खरं सांगणार होते मी. पण त्यांचा आवाज ऐकून वाटलं, ह्यांच्या आडून दुसऱ्या कोणाचा तरी जीव वाचत असेल. म्हणून म्हटलं, परगावी गेलेत."

ताईंना तिचे पाय धरावेसे वाटले.

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी परत आले. नेमका तेव्हा नळवाला स्वयंपाकघरात होता. ओट्याखाली अर्धा आत शिरलेला. त्याला बाहेर ओढलं आणि म्हणाले, आलात का परगावाहून? तो म्हणतोय, अहो मी नळवाला. मी म्हणतेय, हे माझे मालक नव्हेत. ऐकून घेतील तर ना! पाना हातात तसाच, घेऊन गेले त्याला. आज पाच दिवस झाले. त्याची बायको रोज माझ्या दारात येऊन बसते. बोलत नाही काही. नुसती बसते."

त्या रात्रभर ताई जाग्या होत्या. सकाळी साडी नेसून त्यांनी पर्स उचलली, तर सासरे चपला घालून दारात उभे.

"मीही येतो."

"तुम्ही आलात तर दोघं अडकू. आणि तुम्हाला बघून मला रडू येईल. तिथे रडून चालायचं नाही." ताईंनी वाकून त्यांच्या पायातल्या चपला स्वतः काढल्या.

खात्याचं कार्यालय एका जुन्या बँकेच्या इमारतीत होतं. चष्मेवाल्याने ताईंना बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग फाइल उघडून त्यांच्यासमोर सरकवली. मास्तरांच्या नावाखाली चार पानी जबाब होता. ती पुस्तकं वाचून आपल्या मनात काय काय वाईट विचार आले, ते सगळं. खाली सही होती, वेडीवाकडी.

"मास्तर मेलेत म्हणता. मग सही कोणाची?"

"नळवाल्याची. तुम्हालाही ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून काय उपयोग? वर अकरा वाचक कळवून झालेत." त्याने चष्मा काढून पुसला. डोळे दमलेले दिसत होते, आणि त्यामुळे ताईंना त्याची जास्तच भीती वाटली. "अकरापैकी हा पहिलाच सापडलाय. बाकीचे दहा खोटे आहेत असं लिहायचं, तर मला खरे दहा लागतील. देता?"

ताईंच्या डोळ्यांसमोर अकराही चेहरे उभे राहिले. दातांची डॉक्टर, बसचालक, परीक्षेला बसलेली ती चष्मिस मुलगी. आणि बाबा.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकच देते. ती पुस्तकं मीच वाचली, फळ्यावर मीच लिहिलं, आणि अकरा कार्डंही मीच भरली. वाचक एकच. मी. अक्षर माझंच आहे, ताडून बघा."

तो बराच वेळ अक्षरं ताडत बसला.

"असं लिहिता येईल," तो शेवटी म्हणाला. "पण मग तुम्हाला घरी जाता येणार नाही."

"नळवाल्याला सोडाल?"

"ज्याचं नावच फाइलमध्ये नाही, त्याला ठेवून काय करू?"

तासाभराने नळवाला पॅसेजमधून आला. शर्टाच्या गुंड्या वरखाली लावलेल्या, एका पायात बूट नाही. बाकावर बसलेल्या ताईंना तो ओळखत नव्हता.

"बाई, बाहेर जायचं कुठून?" त्याने विचारलं.

ताईंनी जिन्याकडे बोट दाखवलं. तो भिंतीला धरून उतरला. मग आतून ताईंना हाक आली.

त्यांना एकोणीस दिवस ठेवलं. रोज सकाळी आणि दुपारी उरलेल्या वाचकांची नावं विचारली गेली. ताई दर वेळी स्वतःचंच नाव सांगत, आणि प्रत्येक वेळी आता तोंडातून दुसरं काही निघेल या भीतीने दातांवर दात दाबून बसत. विसाव्या दिवशी कुठलंच कारण न देता त्यांना दाराबाहेर सोडलं. वाचनालयाला कुलूप लागलं होतं आणि तिथली नोकरी गेली होती. ते दहा जण मात्र आपापल्या घरी होते.

रस्त्यापलीकडे सासरे उभे होते. रोज उभे राहत असणार, कारण समोरच्या दुकानदाराने त्यांच्यासाठी स्टूल बाहेर ठेवलं होतं. त्यांनी सुनेचा हात धरला आणि दोघं चालू लागले.

कोपऱ्यावर ताईंनी दचकून मागे पाहिलं.

"बाबा, हळू बोला," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.