पंचफुलाबाईचा कोरिया

विश्वनाथ मेश्राम सरांनी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. सक्करदऱ्यात बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी त्यांच्या हाताखालून गेलेलं, निदान त्यांची छडी खाल्लेलं. निवृत्तीनंतरही त्यांचा वर्ग सुटला नाही. दर रविवारी सकाळी वंदना आटोपली की सर विहारात अर्धा तास बोलत. महाडचा सत्याग्रह, पुणे करार, छप्पन सालची दीक्षा. लोक प्रश्न विचारत, सर उत्तरं देत. घरी परतताना त्यांची चाल मुद्दाम हळू व्हायची, वाटेत कोणी थांबवून आणखी काही विचारावं म्हणून.

त्यांची बायको पंचफुलाबाई मौद्याजवळच्या एका खेड्यातली, नववी शिकलेली. सर बोलत असताना ती बायकांमध्ये बसून कधीकधी डुलकी घ्यायची. सरांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

कोरिया त्यांच्या घरात आला तो टाळेबंदीच्या वर्षी. पंचफुलाबाई बाथरूममध्ये घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं आणि तीन महिने पलंगावर काढावे लागले. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीनं, प्रीतीनं, आईच्या मोबाइलवर हिंदीतून बोलणाऱ्या कोरियन मालिका लावून दिल्या. पंचफुलाबाई पाहू लागली आणि तिला प्रश्न पडू लागले.

"अवो, हे लोक घरातही टोपी घालून काहून बसतात?"

"मले काय माहीत."

"आन् ज्याले पाहा तो किमच कसा? सगळे भाऊभाऊ आहेत काय?"

"पंचफुला, पेपर वाचू दे. त्या मालिकेत कायचा इतिहास?"

तिनं त्यांना पुन्हा विचारलं नाही. मोबाइलमध्ये बोलून विचारायची, मिळेल ते ऐकायची. प्रीतीनं कोरियाच्या इतिहासाचं एक हिंदी पुस्तक पाठवलं, ते तिनं दोनदा वाचलं. दोनशे पानी वही केली. पाय बरा झाला, ती काठी सोडून चालू लागली, मालिका मागं पडल्या, पण वह्या भरत गेल्या. तिसरी वही सुरू झाली तरी सरांनी त्यातली एकही उघडून पाहिली नव्हती.

मग गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका रविवारी, सगळे विहारात जमलेले असताना, विहाराचे सचिव देवाजी गजभिये एक बातमी घेऊन आले. डिसेंबरात कोरियाहून चार भंते आणि वीस-बावीस उपासक येणार होते. दीक्षाभूमी पाहून ते दुपारचं जेवण सक्करदऱ्याच्या विहारात करणार होते. सगळ्यांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. त्यांना खायला काय द्यायचं? नमस्कार कसा करायचा? तिखट चालतं का?

"मी पाहतो," सर म्हणाले. पण पाहायचं कुठून ते त्यांनाही सुचेना.

मागून पंचफुलाबाईचा आवाज आला. "तिखट चालते त्याहिले. आपल्यापेक्षा जास्त खातात. फक्त मोठ्या माणसाले काही देताना दोन्ही हातांनी द्या लागते. एका हातानं दिलं तर त्याहिले तो अपमान वाटते."

सगळ्या माना मागं वळल्या. देवाजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाले कसं माहीत?"

"थोडंथोडं वाचून राहिली ना चार-पाच वर्षांपासून."

पुढच्या रविवारी देवाजींनीच सुचवलं, की पाहुणे येईपर्यंत सरांच्या अर्ध्या तासात वहिनींनी कोरियाबद्दल सांगावं. सर हसून म्हणाले, "जरूर, जरूर." आणि तिसऱ्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले.

पंचफुलाबाई माइक हातात धरायलाही तयार नव्हती. पण प्रश्न सुरू झाले आणि ती मोकळी झाली.

एकानं विचारलं, कोरिया दोन का झाले?

"पहिले एकच होता. पस्तीस वर्षं जपानचं राज्य होतं तिथं. पंचेचाळीस साली जपान हरला. तारीख माहीत आहे? पंधरा ऑगस्ट. आपल्यापेक्षा दोन वर्षं आधी. मग रशियाचं सैन्य वरून आलं, अमेरिकेचं खालून. मधात नकाशावर एक रेघ मारली. मारणाऱ्यांनी कोरियातल्या एकाही माणसाले विचारलं नाही. भाऊ वरते राहिला, बहीण खालते. मग दोघंही दोन सरकारं घेऊन बसले."

"आणि सगळे किम कसे?"

"जुन्या काळी गरिबाले आडनावच नसे. आडनाव मोठ्या लोकांचं. पुढे ते घ्याची मुभा झाली तेव्हा गरिबानं कोणतं घ्यावं? मोठ्यातलं मोठं घेतलं." तिनं समोरच्या रांगांवरून नजर फिरवली. "आडनावावरून काय होते, ते मी तुम्हाले काय सांगू?"

लोक हसले, पण ते हसणं वेगळं होतं. सरांच्या व्याख्यानात असं हसणं कधी आलं नव्हतं. ते कसं आणतात हे सरांना माहीत नव्हतं.

ती सांगत गेली. तिकडे भेटल्याबरोबर वय विचारतात, कारण लहानाशी बोलायची भाषा वेगळी आणि मोठ्याशी बोलायची वेगळी. वय कळल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. सगळे कोरियन बौद्ध नाहीत, अर्धेअधिक तर आम्ही कोणत्याच धर्माचे नाही म्हणतात. चोवीस सालच्या डिसेंबरात तिथल्या राष्ट्राध्यक्षानं एकाएकी लष्करी कायदा लावला, तेव्हा खासदार भिंतीवरून उड्या मारून संसदेत शिरले आणि त्याच रात्री तो कायदा मतदानानं पाडला. पुढे त्या राष्ट्राध्यक्षाची खुर्चीही गेली. हे ऐकून तर म्हाताऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या.

शेवटी एका नर्सबाईनं विचारलं, "काकू, तिकडे जातपात होती का? आपल्यासारखे लोक होते का?"

"होते वं," पंचफुलाबाई म्हणाली. "जनावरं कापणाऱ्याहिले गावाबाहेर ठेवत. त्याहिले वेगळी टोपी घाला लागे. लहान पोरासमोरही वाका लागे. पण ते मग उठले कसे, कोणी उठवले, हे मले अजून नाही सापडलं. हिंदी पुस्तकात नाही. मी शोधून राहिली."

त्या दिवसापासून सरांच्या घराची बेल सरांसाठी वाजेनाशी झाली. सर दार उघडत आणि समोरचा विचारे, "काकू आहेत?"

"मी आहे ना. बोला."

"नाही सर, कोरियाचं विचाराचं होतं."

दूधवाला विचारी. समोरच्या घरची कॉलेजात जाणारी भावना तर चक्क वही घेऊन यायची. सर आतल्या खोलीत पेपर धरून बसत आणि एकच ओळ चार वेळा वाचत. नववी पास, ते मनात म्हणत. मग स्वतःची लाज वाटे. पण लाजेनं ती आग विझत नव्हती, नुसता धूर वाढत होता.

एक दिवस ते कोणाला न सांगता सीताबर्डीच्या ग्रंथालयात गेले. कोरियाच्या इतिहासाचा जाड इंग्रजी ग्रंथ काढला आणि रोज दुपारी जाऊ लागले. घरी सांगितलं, पेन्शनचं काम आहे. नीट शिकावं म्हणून ते वाचत नव्हते. बायकोची चूक शोधत होते.

चूक मिळाली ती किरकोळ. पण दहाव्या दिवशी त्यांना दुसरंच काही मिळालं. दक्षिणेतल्या जिंजू नावाच्या गावी, एकोणीसशे तेवीस साली, खाटीक जमातीनं एक संघटना उभी केली होती. त्यांच्या मुलांना शाळेत घेत नव्हते, सरकारी नोंदीत नावापुढे लाल ठिपका मारत. त्यांनी संघटनेला नाव दिलं होतं तराजूवरून. ज्या तराजूवर ते मांस तोलत, त्याची दांडी सरळ राहावी, माणूस माणसाच्या बरोबरीला यावा, असा त्याचा अर्थ. महाडच्या चार वर्षं आधी!

सरांनी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पहिला विचार आला तो असा, की पंचफुला हे ऐकून नाचेल. दुसरा विचार लगेच आला. त्यांनी ती दोन पानं झेरॉक्स केली, घरी आणली आणि कपाटात जुन्या प्रगतिपुस्तकांखाली ठेवून दिली.

पुढच्या रविवारी पंचफुलाबाईचं बोलणं संपत आलं होतं, तेव्हा सरांनी हात वर केला. लोक कौतुकानं पाहू लागले.

"कोरियातलं युद्ध कधी संपलं?"

"त्रेपन्न साली," ती हसून म्हणाली.

"चूक. संपलंच नाही. फक्त शस्त्रसंधी झाली, तह आजपर्यंत झालेला नाही. लोकांना शिकवायचं असेल तर आधी स्वतः नीट वाचावं." आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं तोंडून निघालं, "बसा खाली."

कोणी हसलं नाही. पंचफुलाबाईनं माइक टेबलावर ठेवला. "बरोबर आहे सरांचं. चुकलं माझं," ती म्हणाली आणि बायकांमध्ये जाऊन बसली. संध्याकाळी देवाजींचा फोन आला तेव्हा तिनं सांगितलं, "भाऊजी, पाहुण्याहिसमोर सरच बोलतील. मी स्वयंपाकाचं पाहते."

सरांना हवं होतं ते मिळालं. जेवताना त्यांनी भाजीचं कौतुक केलं. ती "हो" म्हणाली, एवढंच.

पाहुणे आले त्या दिवशी विहाराच्या अंगणात मांडव होता, ताटांमध्ये नरखेडची संत्री होती. दिल्लीहून सोबत आलेली एक दुभाषी मुलगी सरांच्या शेजारी उभी राहिली. सरांनी स्वागत केलं, दीक्षेबद्दल सांगितलं आणि मग जिंजूची गोष्ट काढली. लाल ठिपका, शाळा, तराजूची सरळ दांडी. दुभाषी मुलगी वाक्यावाक्याला थांबून सांगत होती. पाहुण्यांची कुजबुज बंद झाली. दुसऱ्या रांगेतली एक सत्तरीची बाई डोळे पुसू लागली. भाषण संपताच ती पुढं आली, दोन्ही हातांनी सरांचा हात धरला आणि बराच वेळ काही बोलली.

"या म्हणताहेत," दुभाषी मुलीनं सांगितलं, "की यांचं सासर जिंजूजवळच आहे. यांना हे कोणी शाळेत शिकवलं नाही, म्हातारपणी कळलं. इतक्या दूर हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं विचारतात."

"मी स्वतः शोधलं," सर म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. देवाजी ओरडले, "सर ते सरच!"

तेव्हा सरांची नजर गेली. पंचफुलाबाई भाताचं भांडं घेऊन मांडवाच्या खांबाशी उभी होती. वाढायला निघालेली तशीच थांबली होती. ती त्यांच्याकडे पाहत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. पोरगी मेळ्यात हात सुटून हरवली की जशी पाहते, तशी ती पाहत होती.

घरी आल्यावर तिनं खोचलेला पदर सोडला, पाणी प्यायली, मग विचारलं, "कधी सापडलं हे तुम्हाले?"

"झाला महिना."

"त्या युद्धाच्या रविवारच्या आधी का नंतर?"

सरांची नजर कपाटाकडे गेली.

"आधी," ती म्हणाली. "मी त्या नर्सबाईसमोर, सगळ्याहिसमोर म्हणली होती, मी शोधून राहिली म्हणून. तुम्ही तिथंच बसले होते. मले काहून नाही सांगितलं?"

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला स्वतःचं उत्तर लिहायला बराच वेळ लागला. "मी जळत होतो," ते शेवटी म्हणाले. "लोक तुले विचारून राहिले होते, मले नाही. मले सहन नाही झालं, पंचफुला."

त्यांना वाटलं ती रडेल, नाहीतर हसेल. ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"मी चौतीस वर्षं जळली," ती म्हणाली. "रोज सकाळी तुमचा डबा भरे आन् जळे. तुम्ही वर्गात बोलत, विहारात बोलत, घरी येऊन झोपून जात. मी एक गोष्ट विचारली तर म्हणत, पेपर वाचू दे. विहारात मले डुलकी लागे असं तुम्हाले वाटे. मी डोळे मिटून पाठ करत होती सगळं. पण मी तुमचं एक पानही लपवलं नाही. लपवाले माझ्यापाशी होतंच काय!"

तिनं हात पुढं केला.

"कुठं वाचलं ते? दाखवा."

त्यांनी कपाटातून झेरॉक्स काढून दिले. तिनं इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि कागद परत त्यांच्या हातात ठेवले. "वाचा. एक-एक वाक्य, मराठीतून. घाई करू नका. नाव दोनदा सांगा."

ते वाचत गेले, ती चौथ्या वहीत लिहीत गेली. एका ठिकाणी ती म्हणाली, "थांबा, शाळेत घेतलं नाही ते कोणाच्या पोराहिले?" सरांनी पुन्हा पाहिलं. ते घाईत वगळून गेले होते. जमातीतल्या एका श्रीमंत माणसाची मुलं होती ती. पैसा असूनही शाळेनं दार लावलं, तिथूनच ठिणगी पडली. भाषणात सरांनी हे सांगितलंच नव्हतं. पंचफुलाबाईनं त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

वही मिटून ती म्हणाली, "हे मी रविवारी सांगणार आहे. तुम्ही येऊ नका."

"काहून?"

"तुम्ही समोर बसले की मले तुमच्या तोंडाकडे पाहा लागते. मले लोकाहिकडे पाहाचं आहे."

सर रविवारी घरीच राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांची वंदना चुकली होती. अंगणात खुर्ची टाकून बसले. आग गेली होती असं नाही. विहाराकडून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा छातीत पुन्हा बारीकशी कळ उठली, आणि त्यांनी ती ओळखली.

अकराच्या सुमारास देवाजी परतताना फाटकाशी थांबले. चेहरा फुललेला. "सर, तुम्ही नाही आले? काय सांगितलं बापा वहिनींनी आज! त्या दिवशी तुमचं ऐकलं होतं, पण ती शाळेची गोष्ट तर आजच कळली. सत्तावीस सालची ना?"

तेवीस, सरांच्या जिभेवर आलं.

"बस देवाजी," ते दुसरी खुर्ची ओढत म्हणाले. "सांग, काय सांगितलं तिनं."

देवाजी बसले आणि पहिल्यापासून सांगू लागले.