फोटोची डावी बाजू

श्रावण नान्ह्याला कुणी विचारलं, "काय काम करतोस?" तर तो म्हणायचा, "फोटो काढतो." आणि पुढचा माणूस "लग्नाचे का?" म्हणाला की त्याचं टाळकं सटकायचं. लग्नाचेही काढायचा, नाही कशाला म्हणा! चंद्रपुरात बाबुलालच्या स्टुडिओत त्याने कितीतरी नवरदेवांच्या हनुवट्या वर केल्या, रडक्या पोरांपुढे खुळखुळे वाजवले. पण जीव सगळा धानोऱ्याकडच्या आपल्या गावच्या तलावात अडकलेला. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचं पोरगं, चालायला शिकायच्या आधी पाण्यात पडलेलं. सुट्टी मिळाली की बाबुलालचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून तो गावाकडची एसटी पकडायचा आणि दिवसभर पाखरांमागे भिजत राहायचा. पाखरांचे फोटो काढून पोट भरणारी माणसं असतात हे त्याने मासिकांत पाहिलं होतं. आपणही त्यांतलेच व्हायचं, एवढं एकच त्याने मनाशी धरलं होतं.

तो फोटो निघाला चौऱ्याऐंशी सालच्या भादव्यात. ढिवरांनी लावलेले शिंगाड्याचे वेल अर्ध्या तलावावर पसरले होते आणि त्या पानांवर लांब शेपटीचे कमळपक्षी घरच्यासारखे हिंडत होते. परका माणूस तलावाच्या पाळीवर, बांधावर, दिसला तरी उडून जाणारं हे पाखरू, पण श्रावणच्या आईला, मनकर्णाला, भीत नसे. ती आपल्या लहानशा होडीत, डोंग्यात, बसून वेलातलं गवत उपटायची आणि ते तिच्या हाताच्या अंतरावर किडे वेचायचं. म्हणून श्रावण तिच्याच डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला बसला आणि त्याला हवा होता तो फोटो मिळाला. डावीकडे वाकलेली आई, तिचा कोपरापर्यंत ओला हात. उजवीकडे पानावर एक पाय उचलून उभा कमळपक्षी.

मुंबईच्या एका मासिकाची स्पर्धा होती. नियम असा, की निसर्गाच्या फोटोत माणूस नको, माणसाची खूणसुद्धा नको. म्हणजे आकाश चालेल, चिखल चालेल, किडे चालतील, फक्त माणूस तेवढा चालणार नाही!

"बाई को काट दे," डार्करूममध्ये बाबुलाल म्हणाला. "पाखरू अकेला ठेव. बक्षीस तुझंच आहे, लिहून घे."

श्रावणने एन्लार्जरचं डोकं वर सरकवलं. पाखरू मोठं झालं आणि आई कागदाच्या बाहेर गेली.

बक्षीस मिळालं. फोटो मुखपृष्ठावर आला. मनकर्णाने तो चुलीच्या वरच्या भिंतीला पिठाच्या खळीने चिकटवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटली, "माह्या शिंगाड्याचे पानं किती साजरे दिसून राह्यले, पाहा बाई!"

तोच फोटो जंगलखात्याच्या एका मोठ्या साहेबांच्या नजरेत भरला. त्यांनी श्रावणला आपल्या कचेरीत छायाचित्रकार म्हणून घेतलं. नवाकोरा कॅमेरा, हातभर लांब लेन्स, फिरायला जीप. सध्या कच्ची नोकरी, काम बघून पक्की करू म्हणाले. श्रावण बाबुलालच्या पाया पडला आणि जंगलात शिरला तो शिरलाच. आता 'लग्नाचे का?' असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

पुढल्या पावसाळ्यात तो अहेरीकडे फोटो काढत असताना गावात साहेबांच्याच कचेरीचा पत्र्याचा फलक आला. तलावाच्या पाळीवर ठोकला. 'नैसर्गिक पक्षीस्थान. मासेमारी व शिंगाडा लागवड सक्त मना.' वर रंगाऱ्याने श्रावणचाच कमळपक्षी काढलेला, उचललेल्या पायासकट. मग रोजाची माणसं आली आणि त्यांनी दाताळ्यांनी शिंगाड्याचे वेल ओढून काढले. पानांवर कमळपक्ष्यांची अंडी होती, तीही गेली पाण्यात. बाया पाळीवर उभ्या राहून शिव्या घालत होत्या. ऐकतो कोण!

श्रावण परत आला आणि तडक साहेबांच्या खोलीत घुसला.

"साहेब, ते पाखरू त्या पानावरच अंडी घालते. शिंगाडा आमचे लोक लावतात. तोच उपटला तर पाखरू राहील कुठं?"

साहेब हसले. साहेबांना शिंगाडा ठाऊक होता तो उपासाच्या पिठापुरता. "अहो नान्हे, तुमचाच फोटो बघा ना. माणसाचा मागमूस तरी आहे का कुठे? किती शुद्ध निसर्ग! तेच तर परत आणायचंय आपल्याला."

श्रावणची कानशिलं तापली. फोटोत आई होती, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पण नोकरी अजून कच्ची होती. त्याने शब्द गिळले आणि बाहेर येऊन जीपच्या चाकाला लाथ घातली. साहेबांचा राग, मासिकाचा राग, बाबुलालचा राग आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. लाथेने पायच दुखावला, दुसरं काय होणार?

ते वर्ष ढिवरांनी कसंबसं काढलं. जी मनकर्णा डोंग्यातून राणीसारखी फिरायची, ती लोकांच्या धानाच्या बांधीत मजुरीने रोवणीला जाऊ लागली. शेजारची इंदिराबाई एकदा तिला तोंडावरच म्हणाली, "तुह्या पोट्ट्याच्या फोटोनं आमचा तलाव खाल्ला."

"माह्या पोरानं पाखराचा फोटो काढला," मनकर्णा उसळली. "तलाव बंद नाई केला. त्याले काऊन बोलता?"

श्रावण दारातच उभा होता. आईने त्याची बाजू घेतली ती त्याला चपराकीसारखी लागली.

आषाढ पुन्हा आला. तलाव उघडाबोडका पडला होता, कमळपक्षी एकही नव्हता. तरी साहेबांनी पाखरू नसलेल्या त्या तलावाचं पक्षीस्थान म्हणून उद्घाटन ठरवलं. पाळीवर मांडव, खुर्च्या, जिल्ह्याचे पाहुणे आणि मधोमध पडद्याआड श्रावणचा तो गाजलेला फोटो, दाराएवढा मोठा करून. तो करून आणायचं काम श्रावणकडेच होतं. "त्याच दिवशी तुमची नोकरी पक्की झाल्याचं जाहीर करतो," साहेब म्हणाले.

श्रावण बाबुलालकडे गेला. जुनी निगेटिव्ह काढली आणि एन्लार्जरचं डोकं खाली घेतलं. लाल दिव्यात कागदावर हळूहळू आईचा हात उमटला, मग वाकलेली पाठ, मग चेहरा.

"पागल झाला का बे?" बाबुलाल ओरडला. "हातची नोकरी जाईल."

"जाऊ दे."

उद्घाटनाला सगळा गाव जमला होता. टाळ्या वाजवायला नव्हे, तोंड वाकडं करायला. साहेबांनी दोरी ओढली, पडदा बाजूला झाला, आणि पाहुण्यांनी टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"हे काय? ही बाई कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी आई," श्रावण मोठ्याने म्हणाला. "फोटो तोच आहे, साहेब. डावी बाजू तुम्ही पाहिली नव्हती. हिने शिंगाडा लावला म्हणून पाखरू आलं होतं. तुम्ही तो उपटला. आता दाखवा पाहुण्यांना, कुठं आहे पाखरू?"

"म्हणजे तुम्ही आम्हाला फसवलंत!"

"फसवलं. पण अंडी मी नाही बुडवली."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. श्रावणने कचेरीचा कॅमेरा टेबलावर ठेवला आणि लेन्स त्याच्या शेजारी. पाहुणे चहा न घेताच उठले, जीपगाड्या चिखल उडवत गेल्या. मागे गाव ओरडत होता, कुणी शिट्ट्या मारत होतं. श्रावणची छाती भरून आली. नोकरी गेली ती गेली, पण आज तरी आपण मान वर करून उभे आहोत, असं त्याला वाटलं. त्याने आईकडे पाहिलं.

मनकर्णा फोटोजवळ आली. तिने काचेवरून बोट फिरवलं, आपल्याच हातावरून, आपल्याच तोंडावरून.

"हे मी होय?"

"हो, माय."

"मंग घरी जो चिटकवला, त्याच्यात मी काऊन नाई?"

"स्पर्धेत माणूस चालत नव्हता." श्रावणचा आवाज खाली आला. "मीच कापलं तुले."

ती त्याच्याकडे बघत राहिली. वर्षभर ज्याच्यासाठी ती गावाशी भांडली होती, तो हाच पोरगा.

"साहेबानं आमाले तलावातून काढलं," ती म्हणाली. "त्याच्या पयलेच तू काढून टाकलं होतं मले."

ती वळली आणि घरामागच्या बोडीकडे चालू लागली. त्या लहानशा तळ्यात तिने शिंगाड्याचे वेल कुणाला न सांगता जगवून ठेवले होते. थोड्या वेळाने ती परतली, डोक्यावर ओल्या वेलांचा भारा, मागे बाकीच्या बाया. फलकाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. डोंगा पाण्यात ढकलला गेला, वेल त्यात पडले.

श्रावणने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या नेहमीच्या जागी, बसायला गेला.

"तिथं इंदिराबाई बसते," मनकर्णा म्हणाली. "तू पान्यात उतर."