गेट बंद करा

हेस्टर आल्डरसनचं डोकं फिरलं की यॉर्कशायरचा अख्खा माळ गपगार व्हायचा, मेंढ्या सोडून. आणि ते फिरायचं बहुतेक एकाच कारणानं. शहरातून फिरायला येणारी माणसं गेट उघडं टाकून जायची आणि हिच्या मेंढ्या थेट डांबरी रस्त्यावर! शेवटी तिनं लाल रंगात पाटीच ठोकली: 'गेट बंद करा'. 'कृपया' वगैरे लाड नाहीत.

एप्रिलात एका सकाळी आभाळ भरून आलं, तेव्हा तिनं स्वतःच ते गेट सताड उघडून ठेवलं. गारठा वाढला की मेंढ्या रस्त्याकडे फिरकत नाहीत, कोकरं घेऊन आपणहून त्या गेटातून खाली भिंतीच्या आडोशाला येतात, हाकायला लागत नाही. मग ती खालच्या कामाला लागली.

दुपारी बर्फमिश्रित पावसानं झोडपलं, तरी आडोशाला एक मेंढी नाही. हेस्टर धापा टाकत वर गेली, तर गेट बंद. पलीकडे सगळ्या एकमेकींना खेटून उभ्या. तुटक्या शिंगाची म्हातारी मेंढी आपल्या कोकराला पायानं उठवत होती. ते कसलं उठतंय! हेस्टरला रडूच फुटलं. आणि मग तिचं डोकं फिरलं.

वाटेवर एक नवराबायको चालले होते, कुत्र्याची दोरी हाताला गच्च गुंडाळून.

"ओ साहेब! ते गेट कुणी लावलं?"

"आम्हीच की!" नवरा खुशीत म्हणाला. "कुणीतरी बेअक्कल उघडं टाकून गेला होता. तुमची पाटी वाचली न् नीट कडी घातली. कुत्र्यालाही मोकळं सोडलं नाही, पक्ष्यांची घरटी असतात ना जमिनीवर."

हेस्टरच्या तोंडात शिव्या तयार होत्या. पण द्यायच्या कुणाला?

"ती बेअक्कल मीच," ती म्हणाली, आणि काय झालं ते सांगितलं.

बायकोचा चेहरा पडला. "अहो, आम्हाला खरंच माहीत नव्हतं हो."

"तुमची चूक नाही, बाई. पाटी माझी आहे."

तिनं गेट सताड उघडलं, आणि पाऊस ओसरल्यावर शेडमधून रंगाचा डबा आणला. बायकोनं पाटी धरली, हेस्टरनं नव्यानं लिहिलं: 'गेट जसं असेल तसंच ठेवा'. तोवर मेंढ्या खाली उतरल्या होत्या, एक सोडून. तुटक्या शिंगाची वरच ओरडत उभी होती.

निघताना नवऱ्याचा हात सवयीनं कडीकडे गेला आणि थबकला. "आता लावू का हो?"

"नको, राहू दे उघडं," हेस्टर म्हणाली. "अजून हाका मारतेय ती त्याला. दमली की येईल खाली."