कोणत्या राजाच्या वर्षी

समरकंदात राजा बदलला की वेशीवर नगारा वाजायचा. त्या वर्षी तो चौथ्यांदा वाजला, तेव्हा जीमत आपली मुलगी अनूच हिच्या लग्नाचा करार लिहून घेत बसली होती.

लेखनिक फर्नखुंदानं बोरू खाली ठेवला. कराराच्या चामड्यावर पहिलीच ओळ असते ती राजाची: अमक्याच्या राज्याचं अमकं वर्ष.

"आता कुणाचं नाव घालू, बाई? कालचा पळाला, आजचा अजून गादीवर टेकलाही नाही."

"सगळ्या जगाचंच असं चाललंय," व्याही वखूशक म्हणाला. "इराणात बापलेक एकमेकांवर चालून गेलेत. पश्चिमेकडच्या रूमच्या बादशहाला त्याच्याच सैन्यानं कापला. चीनमध्ये तर म्हणे दोन सम्राट आहेत. विहीणबाई, राहू द्या करार. परत आल्यावर बघू."

बाहेर उंट लादले जात होते. दुपारी जावई अर्तिवान अनूचला घेऊन चीनकडे निघणार होता. करारात एक कलम होतं: तिच्या संमतीशिवाय दुसरी बायको आणली, तर अनूचनं आपलं सामान घेऊन मोकळं माहेरी यावं. जीमतची बहीण नुसत्या तोंडी शब्दावर सासरी गेली होती. ती काही परत आली नव्हती.

"राजा पळाला, म्हणून तुमचा शब्दही पळाला का, व्याहीबुवा?" जीमत म्हणाली. "फर्नखुंद, नावाची जागा मोकळी सोडा. गादीही मोकळीच आहे. बाकी सगळं लिहा."

"कोऱ्या जागेवर मुद्रा? न्यायमंडपात हसतील हो!" फर्नखुंद म्हणाला.

"हसू देत. हसणारे तरी उद्या तिथे असतील का?"

वखूशक दाढी कुरवाळत राहिला. लिहून होताच अर्तिवाननं बापाकडे न बघताच बोटातली अंगठी काढली आणि कराराला लावलेल्या ओल्या मातीच्या गोळीवर दाबली. मग बापालाही दाबावी लागली.

"आई, नाव कुणाचं भरू?" अनूचनं विचारलं.

"भांडण जिथे होईल, तिथे त्या दिवशी जो बसला असेल त्याचं. आणि स्वतःच्या हातानं भर. दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस."

अनूचला स्वतःच्या नावापलीकडे काही लिहिता येत नव्हतं.

पहिला उंट उठला. जीमतनं फर्नखुंदाला मनगट धरून अंगणातल्या धुळीपाशी ओढलं.

"शिकवा हिला राजांची नावं लिहायला. आधी चीनच्या सम्राटांची. दोघांचीही."

"त्यांची नावं मला तरी कुठं—"

"मग जेवढी ठाऊक आहेत तेवढी. चला, लवकर!"

अनूच उकिडवी बसली, आणि घाईघाईत तिनं धुळीत पहिलंच अक्षर उलटं काढलं.