थोरल्या सिस्टर गेल्या

आमच्या वॉर्डात तिला सगळे थोरली म्हणायचे. वयाने ती आमच्यात शेवटून दुसरी, पण वजन एकशे चोवीस किलो. नाव मीच पाडलं होतं. ऐकणाऱ्याला मान दिल्यासारखं वाटायचं आणि आम्हाला हसायला मिळायचं. तीही हसायची. एखादा जड पेशंट पलंगावरून खुर्चीत घ्यायचा असला की इनचार्ज बाई म्हणायच्या, "थोरलीला बोलवा." ती यायची, पेशंटच्या काखेतून हात घालायची, त्याला छातीशी धरायची आणि एका दमात उचलायची. आमच्या सगळ्यांच्या कंबरा तिच्या जिवावर शाबूत होत्या, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग तिने पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. गुडघे कामातून गेले होते, साखर वाढली होती. त्यात एकदा राउंडला मोठ्या सर्जननी शिकाऊ डॉक्टरांना लठ्ठपणाचे परिणाम समजावताना सरळ तिच्याकडे बोट दाखवलं. ती ड्रेसिंगचा ट्रे धरून उभी होती. ट्रे जरासुद्धा हलला नाही. दुसऱ्या दिवशी तिने रजेचा अर्ज दिला. ऑपरेशननंतर आतले टाके सुटले, पोट पुन्हा उघडावं लागलं, आणि सहा आठवड्यांची रजा पाच महिन्यांवर गेली. त्या पाच महिन्यांत वॉर्डातून तिला भेटायला कुणी गेलं नाही. जाऊ जाऊ म्हणत राहिलो.

परत आली तेव्हा ऐंशी किलोची होती. गालांची कातडी लोंबत होती, केस गळून भांग रुंद झाला होता. युनिफॉर्म जुनाच, दोन्ही बाजूंनी आत घेतलेला.

"अगं बाई, उरलेली कुठे ठेवून आलीस?" वॉर्डातल्या मावशींनी विचारलं.

"घरी," ती म्हणाली. "रविवारी आणते."

सगळ्या हसलो. तिने इनचार्ज बाईंपुढे डॉक्टरांचं सर्टिफिकेट ठेवलं. कामावर येण्यास योग्य, मात्र तीन महिने हलकं काम द्यावं, असं त्यावर होतं. बाईंनी ते वाचलं आणि घडी घालून खणात टाकलं.

"हलकी तू झालीस. काम नाही झालं," त्या म्हणाल्या. "तू नव्हतीस तेव्हा ह्या पोरींनी जिवाचं रान केलं. आता ह्यांची पाळी आरामाची."

त्याच आठवड्यात बाईंचा वाढदिवस होता. केक कापला. थोरली स्वतःचा छोटा डबा घेऊन कोपऱ्यात बसली होती. चार चमचे खायला तिला अर्धा तास लागायचा. आम्ही तिच्यापुढे केकचा हा एवढा तुकडा धरला. ती नको नको म्हणाली. "आता काय, आमच्यात बसायची लाज वाटते का?" मी म्हणाले. तिने खाल्ला. दहा मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि ती चादरींच्या खोलीत जाऊन फरशीवर आडवी झाली. नर्स असून आम्हाला कळत नव्हतं असं नाही. ऑपरेशननंतर गोड खाल्लं की असं होतं, हे आम्ही पेशंटना रोज सांगतो. तरी बाहेर येऊन मी मावशींना म्हणाले, "नाटकं सुरू झाली."

अकरा नंबरच्या पलंगावर एक म्हातारे शिंपी होते. साखरेने टाचेला जखम झालेली, ती भरतच नव्हती. त्यांची ही चौथी खेप. नजर जवळजवळ गेलेली, कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय ऐकू यायचं नाही. माणसं ते हातांनी ओळखायचे. आल्या दिवसापासून त्यांचं एकच चाललं होतं, थोरल्या सिस्टर कधी येणार.

ती आली ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी त्यांना ड्रेसिंगला न्यायचं होतं. तिने नेहमीसारखे काखेतून हात घातले. त्यांनीही नेहमीच्या सवयीने अंग सोडून दिलं. क्षणभर ते उचलले गेले. मग तिचा एक हात सुटून पोटावरच्या टाक्यांवर गेला, आणि म्हातारा तिच्या अंगावरून घसरत खाली आला. टाच खुर्चीच्या लोखंडी पायावर आपटली. पट्टी लाल झाली.

मी औषधांच्या कपाटाशी होते. धावत जायला हवं होतं. गेले, पण धावत नाही.

"काय बायका आहात," म्हातारे कण्हत म्हणाले. "तुमच्याच्याने व्हायचं नाही. थोरल्या सिस्टरना बोलवा. कुठे आहेत त्या?"

तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती त्यांच्या कानाशी वाकली. "थोरली गेली, आजोबा."

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. ती आता नाही, ते शरीर गेलं, असं काहीतरी. पण 'गेली' म्हटल्यावर म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय समजणार.

"कशानं?" त्यांनी विचारलं.

आता ती हसेल आणि खरं सांगेल, असं मला वाटलं.

"ऑपरेशन होतं," ती म्हणाली. "त्यातच."

पुन्हा पलंगावर घेतल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी पट्टी बदलायला बसले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "ती म्हणते ते खरं? कधी गेल्या?"

माझ्यामागे दोघी तोंड दाबून हसत होत्या. मला राहवलं नाही. "बुधवारी," मी ओरडून सांगितलं.

झालं. वॉर्डाला खेळ मिळाला. कुणीही येता जाता तिला म्हणायचं, "काय गं, तुझे दिवस कधी घालायचे?" मावशी म्हाताऱ्यांना जेवण भरवताना मुद्दाम थोरलीचा विषय काढायच्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं की आम्हाला खूण करायच्या.

मला वाटलं होतं तिला राग येईल. उलट ड्यूटी संपली की ती त्यांच्या पलंगाशी जाऊन बसायला लागली. ते बोलायचे, ती ऐकायची.

"हात लावायच्या आधी सांगायच्या त्या," ते म्हणायचे. "आजोबा, आता गार लागेल. आजोबा, आता दुखेल. तुम्ही मेल्या मासळीसारखं उलथता माणसाला. त्यांनी उचललं की वाटायचं, पडलो तरी गादीवरच पडू."

एकदा म्हणाले, "दम लागायचा हो त्यांना. मला छातीशी धरायच्या ना, तर त्यांचं काळीज माझ्या बरगड्यांवर आपटायचं. मला कळत होतं, ही बाई फार जगणार नाही. पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उचलणं बंद केलं असतं."

त्या दिवशी कपडे बदलताना मी तिला म्हटलं, "पुरे आता. सांगून टाक."

"तू कधी माझ्याबद्दल असं बोललीस?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता. "बोलतोय तर बोलू दे. त्याच्या लेखी नवीन बाई वाईट आहे. असू दे. तेही मला ऐकायचंय."

नंतर तीही वाईट वागायला लागली. हात लावण्याआधी सांगेनाशी झाली. पट्टी ओली न करता ओढायची. म्हातारे कळवळून म्हणायचे, "थोरल्या असत्या तर," आणि ती दुसऱ्या टोकाने पुन्हा ओढायची.

एके दुपारी ती त्यांना गोळ्या द्यायला वाकली, तेव्हा त्यांची बोटं तिच्या बाहीवर पडली. ती तिथेच थांबली. मग काखेकडे सरकली. चाळीस वर्षं कापड हाताळलेली बोटं होती ती.

"हा तुकडा मी जोडलाय," ते म्हणाले. "मागच्या वेळी इथेच पडल्या पडल्या. त्यांच्या दंडाला काचत होतं म्हणून. हा टाका माझा आहे." त्यांनी कुशीवरून हात फिरवला. "आणि हे इथे कुणीतरी आत घेतलंय. वेडंवाकडं."

तिने गोळ्या त्यांच्या ओठांत सारल्या.

"त्यांचे कपडे वाटून घेतलेत तुम्ही?"

"हो," तिने कानाशी सांगितलं.

"अंगावरचे काढून?"

तिने पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. म्हाताऱ्यांनी तोंडातल्या गोळ्या थुंकून टाकल्या. त्या दिवसापासून ते कुणाच्याच हातून काही घेईनात. गोळ्या नाहीत, जेवण नाही. सलाईनची सुई दोनदा उपटली. साखर वरखाली व्हायला लागली, आणि टाचेचा काळा रंग घोट्याच्या वर चढला.

चौथ्या दिवशी त्यांची मुलगी आली. ती बस चालवायची, तशीच खाकी कपड्यांत आली होती. वॉर्डाच्या मधोमध उभी राहून तिने विचारलं, "तुमच्यातली कोण मेली? माझा बाप तिच्यापायी उपाशी पडलाय. तिचे कपडे चोरले म्हणतो. कोण मेली ते सांगा मला."

इनचार्ज बाई म्हणाल्या, "इथे कुणीच मेलेलं नाही." आणि त्यांनी थोरलीकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. बुधवार कुणी सांगितला, हे कुणी विचारलं नाही. मी चार्ट भरत बसले.

बाईंनी तिला सगळ्यांसमोर पलंगापाशी उभं केलं. "सांग आता."

ती वाकली. "आजोबा, मीच थोरली. मी मेले नाही. बारीक झाले."

त्यांनी तिचा हात चाचपला. मनगट, दंड, खांदा, मान. सगळीकडे सैल कातडी हाताला लागत होती. त्यांनी हात काढून घेतला.

"ही नव्हे," ते मुलीला म्हणाले.

"अहो तीच आहे, बाबा," मुलगी ओरडली.

"असेल तर मला उचलायला सांग."

बाईंनी हाताची घडी घातली होती. त्यांनी राहू दे म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. थोरलीने काखेतून हात घातले, त्यांना छातीशी धरलं आणि जोर लावला. ते चार बोटं वर आले. ती तशीच थांबून राहिली, मानेच्या शिरा टरारल्या. मग तिच्या तोंडून बारीक आवाज निघाला आणि ती म्हाताऱ्यांना घेऊन पलंगाच्या कडेवर बसली. टाक्यांच्या जागी आत काहीतरी सुटलं होतं. तिथे हर्निया झाला, ते दोन दिवसांनी कळलं.

म्हाताऱ्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. "जाऊ दे, पोरी," ते म्हणाले. "पण मेलेल्या माणसाचं सोंग घेऊ नकोस."

पुढच्या आठवड्यात त्यांचा पाय मांडीपासून कापावा लागला. घरी जाताना त्यांनी मला थोरलीच्या घरचा पत्ता मागितला. मुलीला पाठवून तिच्या माणसांना दोन शब्द सांगायचे होते त्यांना. ते लोक घर सोडून गेले, असं मी सांगितलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

थोरलीवर पेशंटची दिशाभूल केल्याचा ठपका आला. हर्नियाचं ऑपरेशन झाल्यावर तिला वॉर्डात घेतलं नाही, खाली बाह्यरुग्ण विभागात वजन-उंचीच्या टेबलावर बसवलं. आमच्यातली कुणी खाली जाईना. जायचंच झालं तर दुसऱ्या जिन्याने जायचो.

दोन महिन्यांनी मला एक फाइल घेऊन तिकडूनच जावं लागलं. रांग मोठी होती. एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी चपला काढून काट्यावर चढत होती. अंगाने चांगलीच जाड. एका हाताने तिने आईची ओढणी धरली होती. काचेपलीकडच्या कारकुनाने विचारलं, "किती?"

आकडा चिठ्ठीवर लिहून आत सरकवायचा असतो. चिठ्ठ्यांचा गठ्ठा थोरलीच्या कोपराशी पडला होता.

"एकशे सात," ती म्हणाली.

"किती?"

"एकशे सात," तिने रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. माणसं वळून बघायला लागली. मुलगी काट्यावरून उतरली, पण तिला चपला सापडेनात. ती खाली बघत पायाने चाचपडत राहिली.

"बाजूला व्हा," थोरली म्हणाली. "पुढचे."

मग तिची नजर माझ्यावर पडली. ती बरीच बारीक झाली होती, चेहरा रेखीव दिसत होता, केसही परत आले होते. रस्त्यात दिसली असती तर मी वळून पाहिलं असतं.

"फाइल आहे," मी म्हणाले.

"रांगेत या," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला चपला काढायला सांगितल्या.