जाहिरातीपुरती शेती

मित्रांनो, मी मुळशीतल्या माले गावात राहणारा एक जुना टीव्ही आहे. जन्म कारखान्यातला, बालपण महाळुंग्याच्या फ्लॅटमधलं. माझ्या मालकाने, अमोलने, भिंतभर रुंदीचा नवा टीव्ही घेतला आणि माझी रवानगी गावी, आपल्या आई-वडिलांकडे, रत्नाबाई आणि कोंडाजींकडे केली. तेव्हा मी फार खट्टू झालो होतो. आता म्हणाल, तर मला परत न्यायला कुणी येऊ नये.

इथे माझ्यावरून रोज खटके उडत. कोंडाजींना फक्त बातम्या हव्यात. रत्नाबाईंना मालिका. "काय ते रडगाणं बघत बसतीस?" असं म्हणून कोंडाजी टोपी घालून पारावर जात. त्यामुळे पुढची गंमत त्यांना ठाऊकच नव्हती. मालिकेत जाहिराती लागल्या की रत्नाबाई झटकन शेतीचा कार्यक्रम लावत आणि जाहिराती संपायच्या बेताला परत मालिकेवर येत. बाईंचा अंदाज एकदाही चुकला नाही! मी मनोमन हात जोडत असे.

यंदा भाताचं रोप पिवळं पडू लागलं. रोप गेलं तर वर्षाचं भात गेलं. कोंडाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

"पानं पिवळी न् शिरा हिरव्या. ह्याला लोह कमी पडलंय," रत्नाबाई म्हणाल्या.

कोंडाजींनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"टीव्हीनं."

"मग औषध काय?"

"ते न्हाई कळलं. तेवढ्यात ज्ञानदाचा साखरपुडा लागला."

तोच कार्यक्रम त्या दिवशी संध्याकाळी साडेसातला पुन्हा लागणार होता. आणि साडेसातलाच मालिकेत ज्ञानदाचं लग्न होतं. सहा महिने रत्नाबाई त्या लग्नाची वाट बघत होत्या. तरी त्यांनी निमूटपणे शेती लावली आणि रिमोट लांब ठेवून दिला. कोंडाजी टोपी घालून बाहेर पडले. मला त्यांचा रागच आला.

अर्ध्या तासाने ते परतले.

"हिराकस फवारायचं, लोह असतंय त्यात. धा लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम," रत्नाबाईंनी सांगितलं आणि त्या भाकरी करायला उठल्या. चेहरा उतरलेला होता.

"झालं लग्न," कोंडाजी म्हणाले.

"कुणाचं?"

"ज्ञानदाचं. हिरवा शालू नेसली व्हती. पाठवणीला बाप लई रडला."

"तुमी कुटं बघितलं?"

"शेजारच्या नलिनीवैनींकडं. तू हितं अडकलेली, मग तुला सांगणार कोण?"

रत्नाबाईंनी परात बाजूला सारली. "पयल्यापासनं सांगा," त्या म्हणाल्या.

आठ दिवसांत रोप हिरवं झालं. मित्रांनो, हसवणारं, रडवणारं, शिकवणारं सगळं माझ्याकडे आहे. सगळं थोडं थोडं बघा. फक्त घरातल्या कुणाचा कार्यक्रम तुमच्यासाठी बुडाला, तर तो तुम्ही बघा आणि त्याला पहिल्यापासून सांगा. तेवढं काही मला जमत नाही.